विक्रांतच्या नाकावरचा चढ: कापू की ठेवू?

खटपट्या | शनिवार, रात्री १०:४२

मंडळी, गेलं दीड वर्ष घरात एक जहाज बांधतोय. आयएनएस विक्रांत, जुनी विमानवाहू नौका, आर-११ क्रमांकाची. प्रमाण १/३५०, म्हणजे नाळेपासून (पुढच्या टोकापासून) पिछाडीपर्यंत ६१ सेंटीमीटर. मला हिचं तयार किट काही मिळालं नाही, म्हणून सगळं हातानं केलंय. दोन मिलिमीटरच्या प्लॅस्टिक शीटचे आडवे कापे, त्यावर अर्ध्या मिलिमीटरच्या पट्ट्या आणि वरून पुट्टी. पुट्टी किती लागली ते विचारू नका. बायकोचं म्हणणं, एवढी भिंतींना लावली असती तर घराला कळा आली असती.

करायची होती ४ डिसेंबर १९७१ ची विक्रांत. बांगलादेश युद्धात कॉक्स बझारवर सी हॉक लढाऊ विमानं झेपावली तो दिवस. आठ सी हॉक करून ठेवलेत, चार पंख मिटलेले, चार पसरलेले. पंख पसरल्यावर एकेक विमान ३.४ सेंटीमीटर भरतं. भिंग लावून केलीत, मान अजून धरलेली आहे.

गेल्या रविवारी एक जुना मित्र आला. जहाजाकडे दोन मिनिटं बघत राहिला आणि म्हणाला, "एकाहत्तरात हा पुढचा चढ कुठे होता रे?"

पोटात गोळा आला. मी सगळी मापं घेतली ती माझ्याच फोटोंवरून. २००५ साली मुलाला घेऊन विक्रांत बघायला गेलो होतो, तेव्हा ती संग्रहालय झालेली होती. फोटो भरपूर काढले, आणि त्या प्रत्येक फोटोत नाळेवर तो स्की-जंप, म्हणजे विमानाला उडताना वर उसळवणारा चढ, आहेच. मी निमूटपणे तो बांधला, घासला, रंगवलासुद्धा. आणि मागे ओळीनं उभे केले सी हॉक, ज्यांनी जन्मात तो चढ पाहिला नाही!

आता कापू की ठेवू? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

चहाटळ | शनिवार, रात्री १०:५८

कापा. नाक कापायची आपल्याकडे शूर्पणखेपासून परंपरा आहे.

(हलकं घ्या. काम भारी दिसतंय, फोटो टाका.)

---

पुट्टीबहाद्दर | शनिवार, रात्री ११:३०

काका, आधी दंडवत. १/३५० ला हातानं विमानवाहू नौका म्हणजे गंमत नाही.

कापायचाच असेल तर करवत सरळ घालू नका. आतले कापे आणि वरचं डेक एकमेकांत विरघळून चिकटलेले असणार, करवत मारली की धक्क्यानं मागचा जोड उकलेल. कटरच्या पात्याची उलटी बाजू घेऊन पट्टी धरून रेघ ओढायची. वीस-पंचवीस वेळा, हात हलका ठेवून. खाच अर्ध्यावर गेली की मग बारीक दातांची करवत. कापल्यावर पुढे जो खड्डा पडेल त्यात सपाट तुकडा बसवताना खालून आधाराची पट्टी द्या, नाहीतर चार महिन्यांनी तिथे सुरकुती दिसते. स्वानुभव.

पण नुसता चढ उडवून तुम्ही एकाहत्तरात पोचत नाही. तिथे विमान फेकणाऱ्या वाफेच्या कॅटापुल्टचा रूळ कोरावा लागेल, तो चढ बसवताना काढला होता. १९६१ ला जहाज आलं तेव्हा ४० मिलिमीटरच्या १६ बोफोर्स तोफा होत्या, पुढे कमी होत गेल्या. बेटावरची, म्हणजे डेकच्या कडेच्या बुरुजावरची, रडारं बदलली. तुमच्या २००५ च्या फोटोंवरून बेट केलं असेल तर तेही गेलं.

---

खटपट्या | शनिवार, रात्री ११:४४

बेट फोटोंवरूनच केलंय. आज झोप लागणार नाही.

---

शुभदा१२ | रविवार, सकाळी ८:१५

मला यातलं काही कळत नाही, पण विचारते. चढ असला काय नसला काय, विमान उडायचं ते उडणारच ना? त्यासाठी दीड वर्षाचं काम मोडायचं?

आणि एक घरगुती प्रश्न. मुलानं १/७२ चं सी हॉक जोडलंय, हॉबी बॉसचं. दिसतं छान, पण ठेवलं की शेपटीवर बसतं, नाक वर करून. काय चुकलं?

---

पुट्टीबहाद्दर | रविवार, सकाळी ९:०२

शुभदाताई, चुकलं काही नाही, नाकात वजन घालायचं राहिलं. तीन चाकांची विमानं बहुतेक शेपटीवर बसतात, किटवाले आतल्या कागदावर बारीक अक्षरात लिहितात आणि आपण वाचत नाही. मासे पकडायच्या गळाला लावतात ती शिशाची गोळी आणा, हातोडीनं चपटी करा आणि पुढच्या चाकाच्या खोबणीतून सरकवून एपॉक्सीनं चिकटवा. फेव्हिक्विक नको, त्याची वाफ काचेवर पांढरी बसते.

चढाचं म्हणाल तर फरक मोठा आहे. सी हॉकला कॅटापुल्ट लागायचं. तारेची दोरी विमानाला अडकवायची आणि वाफेच्या जोरावर फेकायचं, गोफणीसारखं. पुढे आलेल्या सी हॅरिअर विमानाच्या जेटच्या नळ्या खाली वळतात. ते धावत येऊन चढावरून वर उसळतं. चढ हॅरिअरचा, कॅटापुल्ट हॉकचं. डेकवर दोन्ही एकत्र दाखवणं म्हणजे शिवाजी महाराजांच्या मनगटावर घड्याळ.

---

इतिहासाचा_विद्यार्थी | रविवार, दुपारी १२:२०

थोडं लांबण लावतो, माफी असावी.

ही नौका मुळात ब्रिटिशांची एचएमएस हर्क्युलिस. १९४३ मध्ये टाइन नदीवर कणा घातला, २२ सप्टेंबर १९४५ ला पाण्यात उतरली. तोवर युद्ध संपलेलं. १९४६ ला काम बंद, आणि पुढची अकरा वर्षं ती तशीच अर्धवट पडून. १९५७ ला भारतानं घेतली, बेलफास्टला हार्लंड अँड वुल्फच्या गोदीत पुरी झाली. तिरकं डेक, वाफेचं कॅटापुल्ट, सगळं तिथे बसलं. ४ मार्च १९६१ ला विजयालक्ष्मी पंडितांच्या हस्ते नौदलात दाखल, त्याच नोव्हेंबरात मुंबईत. एका अर्थी तिची पहिली लढाई म्हणजे ती अकरा वर्षं भंगारात न जाता तग धरणं.

एकाहत्तरात चारपैकी एक बॉयलर तडकलेला होता. अशा जहाजावरून विमान उडवायचं म्हणजे वेग आणि समोरचा वारा दोन्हींची मारामार. बंगालच्या उपसागरात हिवाळ्यात वारा पडलेला असतो. तरी कॉक्स बझार, चितगाव, खुलना इथे सी हॉक गेले आणि जहाजाला ओरखडाही न येता परतले. तेव्हा विक्रांतला शोधत विशाखापट्टणमपर्यंत आलेली पाकिस्तानी पाणबुडी गाझी तिथेच बुडाली, विक्रांत मात्र आधीच अंदमानाकडे गेलेली होती.

खटपट्याकाका, आठ सी हॉक केलेत, पण अलीझे कुठे आहेत? पाणबुड्या हुडकायचं काम त्यांचं. प्रोपेलरवालं विमान, पोटाखालून रडारचा घुमट टोपलीसारखा बाहेर काढता येतो, पंखांखाली दोन फुगीर शेंगा. अलीझेशिवाय एकाहत्तरची विक्रांत म्हणजे मोदकाविना चतुर्थी.

---

परखड | रविवार, दुपारी १:०५

निवृत्त लोकांचा टाइमपास चाललाय. मुलांची खेळणी. कोण बघणारे तुमचा चढ?

---

रेवती_क | रविवार, दुपारी २:४०

@परखड, कधी दीवला गेलात तर समुद्राकडे तोंड करून असलेलं खुकरीचं स्मारक बघा. तिथे काचेच्या पेटीत एक मॉडेल आहे, आयएनएस खुकरीचं. ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीनं खुकरी बुडवली, १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. त्या पेटीसमोर एक आजी चप्पल काढून उभ्या होत्या. मी तिथे 'खेळणं' हा शब्द उच्चारला नसता.

---

परखड | रविवार, दुपारी ३:१०

खुकरीचं ठाऊक नव्हतं. शब्द मागे घेतो.

---

गाबितांचो_झिल | रविवार, संध्याकाळी ६:३३

सगळे ब्रिटिशांनी बांधलेल्या बोटींच्या मागे. आमच्या गुराबीक कोण इचारता?

मी मालवणात गुराब, मराठा आरमाराचं लढाऊ जहाज, बांधतोय, १/५० ला, सागाच्या फळकुटांची. दोन डोलकाठ्या, नाळ पुढे लांब सुळक्यासारखी आलेली, तिच्यावरून पुढे मारा करणाऱ्या तोफा. उथळ तळ, म्हणून खाडीत शिरायची आणि पाठलाग करणाऱ्या मोठ्या जहाजाला बाहेर ठेवायची. वारा पडला की गलबतं वल्हवत पुढे जायची आणि गुराबीला ओढून न्यायची. तुमच्या विक्रांतला वारा लागायचा, आमच्या गुराबीलाही वारा लागायचा. फरक इतकाच, आम्ही वल्ही मारायचो.

---

इतिहासाचा_विद्यार्थी | रविवार, संध्याकाळी ७:१५

सुंदर. पण एक शंका, रागावू नका. गुराबीचे आराखडे कुठून घेतलेत? आंग्र्यांच्या काळातले जहाजाचे मोजमाप-नकाशे माझ्या तरी पाहण्यात नाहीत. आपल्याकडे दिसतात ती बहुतेक मॉडेलं युरोपियनांनी काढलेल्या चित्रांवरून केलेली. आणि त्या चित्रकारांना मराठ्यांची जहाजं जळतानाच जास्त आवडायची. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गात वॉटसन आणि क्लाइव्हनं तुळाजींचं आरमार जाळलं, त्याची चित्रं निघाली.

---

गाबितांचो_झिल | रविवार, संध्याकाळी ७:५०

नकाशे नाहीत म्हणून काय मी बांधायचीच नाही? आमच्याकडचा वाढई कागद घेऊन बसत नाही. आधी कणा घालतो, मग डोळ्यानं अंदाज घेत बरगड्या वाकवतो. माझे आजोबा मचवे तसेच बांधायचे. माप दोरीत, गाठी मारलेली एक दोरी, तीच घरात खुंटीला टांगलेली. ती दोरी अजून आहे. तिच्यावरून मचव्याची लांबी-रुंदी कशी जमवायची ते कळतं, तेच प्रमाण मी गुराबीला लावलं.

---

पुट्टीबहाद्दर | रविवार, संध्याकाळी ८:०१

दोरीचा फोटो टाका!! वाचनखूण साठवली.

---

टाइनकाठ | रविवार, रात्री ११:५५

न्यूकॅसलहून लिहितोय. विक्रांतचा कणा पडला ती नदी आमच्या खिडकीतून दिसते. गोदीच्या जागी आता फार काही उरलेलं नाही.

नकाशांवरून आठवलं. इथून तासाभरावर हार्टलपूलला एचएमएस ट्रिंकोमाली उभी आहे, मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी बांधलेली. १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात उतरली. तिचे नकाशे इंग्लंडहून ज्या जहाजानं निघाले ते एचएमएस जावा अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशननं वाटेत ब्राझीलजवळ हरवलं. नकाशे गेले, दुसऱ्या प्रती येईपर्यंत काम थांबलं. कागदावाचून बांधायचं नाही असा युरोपियनांचा हट्ट, त्यापायी इतकी वर्षं उशीर. झिलदादांचे आजोबा असते तर तोवर दोन उतरवून झाल्या असत्या.

आत गेलो तेव्हा खालच्या डेकवर एक फळी हातानं चाचपली. सागवान. दोनशे वर्षं झाली तरी काळंभोर आणि घट्ट. माझ्यासोबतचा इंग्रज म्हणाला, ओक असतं तर इतकं टिकलं नसतं. मी नुसता हसलो. आतून मुंबई-मुंबई होत होतं.

---

चहाटळ | सोमवार, सकाळी ९:४०

खटपट्याकाकांच्या धाग्यावर आता गुराब, ट्रिंकोमाली, मचवे, दोरी सगळं झालं. चढ राहिला.

काका, खऱ्या विक्रांतचं लोखंड हवं असेल तर स्वस्त मार्ग सांगतो. भंगारात निघाल्यावर तिचं थोडं लोखंड बजाजच्या व्ही मोटारसायकलच्या टाकीत गेलंय. जुनी व्ही घ्या, टाकी कापा, डेक करा.

---

शुभदा१२ | सोमवार, सकाळी १०:२५

गोळी घातली! सी हॉक आता शहाण्या मुलासारखं बसतंय. पण काल रंग मारला तर वर पांढरट साय आल्यासारखं झालं. पुसलं तर जात नाही.

---

पुट्टीबहाद्दर | सोमवार, सकाळी ११:००

काल पाऊस होता ना? ओल्या हवेत लॅकर मारला की थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि रंग पांढरट पडतो. पावसाळ्यात आम्ही हे सगळेच भोगतो. दुपारी ऊन पडलं की, किंवा एसी लावून खोली कोरडी झाली की नुसत्या थिनरचा एक हलका फवारा मारा, बहुतेकदा निवळतं. ऑक्टोबरपर्यंत थांबणार असाल तर उत्तमच. मी जून ते सप्टेंबर फक्त घासतो, रंगवत नाही.

---

बॉयलररूम | सोमवार, रात्री ९:१८

नमस्कार. इथे बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय.

मी १९९० ते १९९३ विक्रांतवर होतो. खाली, नावाप्रमाणेच. चढ होता. सी हॅरिअर होते, वरून गडद करडे, खालून पांढरे. सी किंग हेलिकॉप्टरं होती. एकाहत्तरची विक्रांत मी पाहिलेली नाही, तेव्हा मी तिसरीत होतो आणि गावी दिव्यावर काळा कागद लावायचो.

एक गोष्ट सांगतो, वाईट वाटून घेऊ नका. जो कोणी विक्रांत करतो तो एकाहत्तरची करतो. गणपतीतली आरास असो, शाळेचं प्रदर्शन असो, सगळीकडे सी हॉक आणि कॉक्स बझार. मान्य, तो तिचा मोठा दिवस. पण ती ३६ वर्षं नौदलात होती हो. १९९७ ला निवृत्त झाली. आमच्यासारखे शेकडो लोक त्या चढाच्या विक्रांतवर राहिले, जेवले, भांडले. उन्हात तापलेल्या लोखंडाचा आणि जळक्या इंधनाचा मिळून एक वास असायचा, घरी रजेवर गेलो की आई म्हणायची, "आलास, आधी आंघोळ कर." ती विक्रांत कोणी करत नाही.

डेकच्या रंगाबद्दल विचाराल म्हणून आधीच लिहितो. डब्यातला रंग शोधू नका. वर घसरू नये म्हणून खरबरीत थर असायचा, वाळू मिसळल्यासारखा. गुडघा टेकला की कातडं सोलून निघायचं. त्यावर टायरचे काळे पट्टे, तेलाचे डाग. हॅरिअर उभं उतरायचं तिथे भाजल्यासारखी फिकट वर्तुळं. बाजूंना पाणी वाहून जायच्या भोकांखाली गंजाचे ओघळ, आम्ही रंगवायचो आणि आठवड्यात परत यायचे.

तुमच्या मॉडेलवर डेक फार स्वच्छ असणार, न बघताच सांगतो.

---

रेवती_क | सोमवार, रात्री ९:३१

बॉयलररूम साहेब, लिहीत राहा. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

इतिहासाचा_विद्यार्थी | सोमवार, रात्री ९:५०

मी अलीझेबद्दलचं माझं म्हणणं मागे घेत नाही, पण साहेबांपुढे गप्प बसतो.

काका, सी हॉकच्या भागांचे फोटो हवेतच तर गोव्यात बोगमाळोला नौदलाचं विमानसंग्रहालय आहे, दाबोळी विमानतळाजवळ. सी हॉक, अलीझे, सी हॅरिअर तिन्ही उघड्यावर उभी आहेत, अगदी चाकांच्या खोबणीत डोकावता येतं. फक्त रंगावर विश्वास ठेवू नका, संग्रहालयातली विमानं पुन्हा पुन्हा रंगवतात.

---

गाबितांचो_झिल | सोमवार, रात्री १०:१०

दोरीचा फोटो टाकलाय. गाठी मोजल्या, एकोणीस आहेत. दोन गाठींमधलं अंतर सगळीकडे सारखं नाही, का ते आजोबांना विचारायचं राहिलं.

---

पुट्टीबहाद्दर | सोमवार, रात्री १०:२२

मधल्या गाठी जवळजवळ आहेत, टोकाच्या लांब. जिथे बरगड्या दाट हव्यात तिथल्या असणार. म्हणजे ही दोरीच तुमचा नकाशा आहे, झिलदादा. विद्यार्थीबुवा, बघताय ना?

---

इतिहासाचा_विद्यार्थी | सोमवार, रात्री १०:३५

बघतोय. नमस्कार घ्या.

---

खटपट्या | मंगळवार, सकाळी ७:०५

मंडळी, सगळ्यांचे आभार. काल रात्री पुट्टीबहाद्दरांनी सांगितलं तशी पट्टी धरली, कटर उलटा केला, डेकवर तीन रेघा ओढल्या. चौथी ओढायच्या आधी बॉयलररूम साहेबांचं पुन्हा वाचलं आणि कटर खाली ठेवला.

चढ राहतोय. बेट माझं चढाच्या काळाचंच आहे, मग जहाजाला वीस वर्षं मागे ढकलायचा हट्ट कशाला? चूक एकच जागी उरली, विमानांत. आठ सी हॉक काढून बरणीत ठेवले, शुभदाताईंच्या मुलाला हवे असतील तर कळवा. त्या तीन रेघांत थोडी पुट्टी भरतोय. बायकोनं बघितलं, काही बोलली नाही.

आता सी हॅरिअर लागतील. १/३५० ला लांबी साधारण ४.१ सेंटीमीटर येते, पंख सव्वादोन. पंख मिटत नाहीत, ते एक बरं. नाक तेवढं दुमडतं. किती करू? आणि साहेब, डेकवर ते भाजलेलं वर्तुळ नेमकं कुठे यायचं, मध्यरेषेवर की डावीकडे? एका फोटोवर बोटानं दाखवलंत तरी चालेल.

---

बॉयलररूम | मंगळवार, सकाळी ७:४०

सहा करा. फोटो पाठवा, खुणा करून देतो. डावीकडे, बेटासमोर, पण दोन-तीन ठिकाणी होती, एकच काढू नका.

आणि पिछाडीला उजवीकडे गंज जास्त.

---

चहाटळ | मंगळवार, सकाळी ७:५२

नाक वाचलं. मी व्ही बाइकची जाहिरात काढून टाकतो.

---

शुभदा१२ | मंगळवार, सकाळी ८:३०

मुलगा म्हणतोय आठही हवेत. पण १/३५० ला शिशाची गोळी कुठे घालायची?